घरातल्या दिव्यांग माणसासाठी सरकारी मदत: कोणते दार आधी ठोठवायचे

माझ्या धाकट्या भावाला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे लहानपणीच मेंदूला झालेल्या इजेमुळे त्याचा हालचालींवर ताबा राहत नाही. त्याच्या नावाची एक जाड फाइल आमच्या कपाटाच्या वरच्या खणात असते आणि ती हातात घेतल्याशिवाय आई कोणत्याही कार्यालयाची पायरी चढत नाही. ही फाइल जमायला बरीच वर्षे लागली, कारण सुरुवातीला आम्ही उलट्या क्रमाने फिरलो. आधी अनुदानाचा अर्ज केला, तो प्रमाणपत्र नाही म्हणून परत आला. प्रमाणपत्र काढले, तर आधारवरचे नाव वेगळे म्हणून पुन्हा परत. पुढे ओळखीच्या अनेक कुटुंबांबरोबर तहसील, सिव्हिल आणि पंचायत समितीच्या खेपा घातल्यावर एक गोष्ट पक्की कळली: दिव्यांग व्यक्तीसाठीची मदत एका खिडकीवर मिळत नाही. ती केंद्र, राज्य, जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायत अशा वेगवेगळ्या दारांमागे विभागलेली आहे, आणि ही दारे कोणत्या क्रमाने ठोठवायची हे ठाऊक असेल तर निम्म्या खेपा वाचतात. महाराष्ट्रात राहणाऱ्या कुटुंबांसाठी तो क्रम येथे मांडत आहे.

पहिले दार सिव्हिलचे

सगळ्याची सुरुवात दिव्यांग प्रमाणपत्र आणि त्याबरोबर मिळणाऱ्या वैश्विक ओळखपत्रापासून होते; त्यालाच सगळीकडे यूडीआयडी कार्ड म्हणतात. १९९५ च्या जुन्या कायद्यात अपंगत्वाचे सातच प्रकार होते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने ते २१ केले. तरीही दिव्यांग म्हटले की हातपाय, डोळे आणि कान एवढेच अनेकांच्या मनात येते. स्वमग्नता (ऑटिझम), बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, दीर्घकाळ टिकणारा मानसिक आजार, पार्किन्सन, मल्टिपल स्क्लेरोसिस, हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकलसेल हेही या यादीत आहेत. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेलची कितीतरी कुटुंबे आहेत. या आजारावर दिव्यांग प्रमाणपत्र मिळू शकते हे त्यांना कोणी तरी आवर्जून सांगायला हवे.

अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर करायचा असतो. घरी संगणक नसेल तर आपले सरकार सेवा केंद्रात किंवा सीएससी केंद्रात तो भरून मिळतो. आधार, रहिवासाचा पुरावा, फोटो आणि सही किंवा अंगठा एवढे पुरते. अर्ज भरताना तपासणीचे रुग्णालय निवडावे लागते आणि मग तेथे वैद्यकीय मंडळाच्या ठरलेल्या वारी जावे लागते. हा वार रुग्णालयागणिक आणि काही ठिकाणी अपंगत्वाच्या प्रकारागणिक वेगळा असतो, म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करावी. व्हीलचेअरवरच्या माणसाला भाड्याच्या जीपने पन्नास किलोमीटर आणून चुकीच्या वारी परत नेणे हा खर्च आणि मनस्ताप कोणाच्याही वाट्याला येऊ नये.

अर्जापूर्वी एक काम मात्र घरीच उरकून घ्या. आधार, शिधापत्रिका, शाळेचा दाखला आणि बँकेचे पासबुक शेजारी शेजारी ठेवून नाव, वडिलांचे नाव आणि जन्मतारीख अक्षर न् अक्षर जुळवून पाहा. एका ठिकाणी ‘दत्तात्रय’ आणि दुसरीकडे ‘दत्ता’ एवढ्या फरकावर अर्ज महिनोन्महिने अडकतात. आधी आधार दुरुस्त करावे, मगच बाकीचे. ज्यांच्या बोटांचे ठसे उमटत नाहीत किंवा मूठ उघडत नाही त्यांच्यासाठी आधार नोंदणीत बायोमेट्रिक अपवादाची तरतूद आहे. केंद्रचालक ‘यंत्र घेत नाही’ म्हणाला, तर या तरतुदीचे नाव घेऊन आग्रह धरावा.

मंडळापुढे जाताना सगळे जुने कागद न्यावेत: जन्माच्या वेळची डिस्चार्जची कागदपत्रे, एक्स-रे, श्रवणचाचणीचा अहवाल, औषधांच्या चिठ्ठ्या. याशिवाय आईने केलेली एक गोष्ट मी आता प्रत्येकाला सुचवते. तिने वहीचे एक पान फाडून त्यावर भावाचा एक साधा दिवस लिहून नेला होता. सकाळी उठवून बसवावे लागते, शर्टाचे बटण स्वतः लावता येत नाही, घास तोंडापर्यंत जाताना निम्मा सांडतो, रात्री दोनदा कूस बदलून द्यावी लागते. तपासणीच्या दहा मिनिटांत मूल गुमान बसून राहते आणि यातले काहीच दिसत नाही. विशेषतः बौद्धिक अक्षमता मोजताना बुद्ध्यांकाबरोबर दैनंदिन व्यवहारही विचारात घेतले जातात, तेव्हा असे लेखी पान फार उपयोगी पडते.

प्रमाणपत्रावरची टक्केवारी नीट वाचा, कारण पुढचे सगळे तिच्यावर ठरते. बहुतेक योजनांना किमान ४० टक्के लागतात. केंद्राच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतनासाठी ८० टक्क्यांची अट आहे. प्रमाणपत्र तात्पुरते आहे की कायमचे हेही पाहावे आणि तात्पुरते असल्यास त्याची मुदत संपण्याची तारीख फाइलच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावी. टक्केवारी मान्य नसेल तर कायद्याने अपील करता येते. प्रमाणपत्र देशभर ग्राह्य असल्याने मुंबईत काढलेले प्रमाणपत्र गोव्यात किंवा बेळगावात पुन्हा काढण्याचे कारण नाही.

दरमहाचे अनुदान

कार्ड हाती आले की तहसील कार्यालयाची संजय गांधी योजना शाखा गाठावी. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत १८ ते ६५ वयाच्या दिव्यांग व्यक्तीला दरमहा अनुदान मिळते. ते पूर्वी १,५०० रुपये होते; २०२५ मध्ये राज्य सरकारने दिव्यांग लाभार्थ्यांसाठी त्यात १,००० रुपयांची वाढ करून ते २,५०० केले. ज्यांच्या खात्यात अजून जुनीच रक्कम येते, त्यांची नोंद कदाचित दिव्यांग म्हणून नसून निराधार किंवा विधवा अशा दुसऱ्या वर्गात असते. यूडीआयडी क्रमांक देऊन ती दुरुस्त करून घ्यावी.

अटींपैकी दोन महत्त्वाच्या. पहिली, अर्जदाराचे महाराष्ट्रात किमान १५ वर्षे वास्तव्य हवे. दुसरी, कुटुंबाचे उत्पन्न. इतर निराधारांसाठी ही मर्यादा वर्षाला २१,००० रुपये आहे, पण दिव्यांगांसाठी ती ५०,००० आहे, आणि हा फरक न सांगितल्यामुळे कितीतरी पात्र माणसे दाखला न काढताच घरी परततात. अर्जासोबत वयाचा पुरावा, रहिवासी दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, दिव्यांग प्रमाणपत्र, आधार आणि पासबुकाची प्रत लागते. अर्ज तालुक्याच्या समितीपुढे जातो. समितीची बैठक कधी आहे हे शाखेत विचारून ठेवावे आणि बैठकीनंतर निकाल काय लागला हेही स्वतःच जाऊन विचारावे.

अर्जाची पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नये. ‘ठेवून जा, बघतो’ या शब्दांवर विसंबून आमचा पहिला अर्ज गहाळ झाला आणि तो दिल्याचा कोणताही पुरावा आमच्याकडे नव्हता.

अनुदान आता थेट बँक खात्यात जमा होते आणि येथे एक बारीक अडचण येते. खाते आधारशी ‘जोडलेले’ असणे आणि थेट लाभासाठी (डीबीटीसाठी) ‘आधार सीडेड’ असणे, म्हणजे सरकारी पैसे याच खात्यात यावेत अशी नोंद असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एखाद्याची तीन बँकांत खाती असतील, तर ज्या खात्याला शेवटी सीडिंग झाले त्यात पैसे जातात, आणि घरचे मात्र दुसऱ्याच पासबुकात नोंदी शोधत बसतात. बँकेत जाऊन ‘डीबीटीसाठी या खात्याला आधार सीडिंग करा’ अशा नेमक्या शब्दांत अर्ज द्यावा. मंजुरीनंतर वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो चुकला की अनुदान थांबते. वयाची ६५ वर्षे पूर्ण झाल्यावर लाभ श्रावणबाळ योजनेत वर्ग करून घ्यावा लागतो, त्याची विचारणा सहा महिने आधीच सुरू करावी.

ग्रामपंचायतीचे ५ टक्के

सर्वांत कमी माहीत असलेला आणि माझ्या मते सर्वांत जवळचा पैसा हा आहे. महाराष्ट्रातील प्रत्येक ग्रामपंचायतीने, नगरपालिकेने, महानगरपालिकेने आणि जिल्हा परिषदेने आपल्या स्वउत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांच्या कल्याणासाठी खर्च करायची आहे. पूर्वी हे प्रमाण ३ टक्के होते. ग्रामपंचायतीच्या बाबतीत स्वउत्पन्न म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, बाजाराची फी, गाळ्यांचे भाडे असे तिने स्वतः गोळा केलेले उत्पन्न. सरकारकडून आलेला निधी त्यात धरत नाहीत. समजा, ग्रामपंचायतीचे स्वउत्पन्न वर्षाला ६ लाख आहे, तर ३०,००० रुपये गावातल्या दिव्यांगांचे झाले. गावात असे बारा जण असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला २,५०० येतात. रक्कम लहान वाटेल, पण औषधांचा एक महिना त्यात निघतो. शिवाय हे पैसे गावातच ठरतात, त्यांच्यासाठी मुंबईकडे डोळे लावून बसावे लागत नाही.

हा निधी अनेक गावांत पडून राहतो किंवा मार्च महिन्यात घाईघाईने भलत्याच वस्तूंवर खर्च होतो. तो योग्य कामी यावा म्हणून तीन गोष्टी कराव्यात. पहिले म्हणजे, ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे, म्हणजे ज्यांना आपण ग्रामसेवक म्हणतो त्यांच्याकडे, गावातील सर्व दिव्यांगांची नोंद आहे का आणि त्यात आपल्या माणसाचे नाव आहे का ते पाहावे. नसल्यास यूडीआयडीची प्रत जोडून लेखी अर्ज द्यावा. दुसरे, पुढच्या वर्षाचे अंदाजपत्रक तयार होण्यापूर्वीच्या ग्रामसभेत हा विषय मांडावा. अंदाजपत्रक मंजूर झाल्यावर केलेली मागणी पुढच्या वर्षावर जाते. ग्रामसभेत बोलणे अवघड वाटत असेल, तर गावातल्या तीन-चार कुटुंबांनी मिळून एकच अर्ज द्यावा आणि तो इतिवृत्तात नोंदवण्याचा आग्रह धरावा. तिसरे, मागील तीन वर्षांत या निधीत किती रक्कम जमा झाली आणि कशावर खर्च झाली, हे माहिती अधिकारात विचारावे. ओळखीच्या एका गावात एवढा एकच कागद दिल्यावर न खर्चलेली रक्कम बाहेर आली आणि ग्रामपंचायतीच्या दाराशी उतार बांधला गेला. तोपर्यंत गावातला एक जण दर ग्रामसभेला पायऱ्यांखालीच तीनचाकी उभी करून आतले बोलणे ऐकत असे.

जिल्हा परिषदेच्या सेस फंडातून, म्हणजे तिच्या स्वउत्पन्नातून, पिठाची गिरणी, शिलाई मशीन यांसारख्या वस्तूंसाठी अर्ज मागवले जातात. त्याची सूचना पंचायत समितीच्या फलकावर लागते आणि मुदत थोडीच असते. शहरात राहणाऱ्यांनी महापालिकेच्या समाजविकास किंवा समाजकल्याण विभागात दिव्यांग योजनांची यादी मागावी. पालिकेगणिक योजना आणि रकमा वेगळ्या असतात.

साधने घेताना

व्हीलचेअर, तीनचाकी, कॅलिपर, श्रवणयंत्र, पांढरी काठी अशी साधने केंद्राच्या एडिप योजनेतून मिळतात. कुटुंबाचे मासिक उत्पन्न २२,५०० रुपयांपर्यंत असेल तर साधन विनामूल्य आणि ३०,००० पर्यंत असेल तर निम्म्या किमतीत मिळते. तपासणी आणि वाटप बहुधा अलिम्को या सरकारी कंपनीच्या शिबिरांतून होते. शिबिराची तारीख जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात किंवा जिल्हा दिव्यांग पुनर्वसन केंद्रात कळते.

भावाला पहिल्या शिबिरात मोठ्या माणसाची साधी व्हीलचेअर मिळाली होती. त्याचे पाय पायटेकणीपर्यंत पोचत नव्हते, मान एका बाजूला कलंडत होती आणि तासाभरात तो रडू लागे. ती खुर्ची वर्षभर पडवीत उभी राहिली. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलासाठी मानेला, कमरेला आणि पावलांना आधार देणारी वेगळी खुर्ची असते, हे आम्हाला तेव्हा कोणी सांगितले नव्हते. म्हणून शिबिरात मोजमाप घेतल्याशिवाय साधन स्वीकारू नका, आणि मापाचे साधन नसेल तर तसे अर्जावर लिहून पुढच्या वाटपासाठी नोंद ठेवायला सांगा. एकदा साधन घेतले की तेच पुन्हा मिळण्यासाठी मधे काही वर्षे जावी लागतात, त्यामुळे ही चूक महागात पडते. मुंबईत हाजी अली येथील अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत आणि श्रवणदोषासाठी वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत तज्ज्ञांकडून तपासणी होऊ शकते.

प्रवास आणि कर यांबद्दल थोडक्यात सांगते. एसटीत ४० टक्क्यांपासून दिव्यांग प्रवाशाला भाड्यात ७५ टक्के सवलत आहे आणि ६५ टक्क्यांच्या पुढे सोबतच्या माणसालाही ५० टक्के मिळते. रेल्वेची सवलत ठरावीक प्रकारच्या दिव्यांगांनाच असून त्यासाठी रेल्वेचे वेगळे कार्ड काढावे लागते. घरात कोणी प्राप्तिकर भरत असेल, तर दिव्यांग अवलंबितासाठी कलम ८०-डीडीखाली ७५,००० रुपयांची, आणि ८० टक्के वा अधिक अपंगत्व असल्यास १,२५,००० रुपयांची वजावट जुन्या करप्रणालीत मिळत आली आहे.

घरीच सांभाळताना लागणारा आधार

पैशाइतकीच गरज असते ती सांभाळणाऱ्याला हातभार मिळण्याची. दिव्यांग व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क आहे, तिला एखाद्या ठरावीक निवासी संस्थेतच राहण्याची सक्ती करता येत नाही आणि घरी व परिसरात आधारसेवा मिळायला हव्यात, असे २०१६ च्या कायद्याचे कलम ५ सांगते. प्रत्यक्षात अशा सेवा विखुरलेल्या आहेत आणि बऱ्याच तालुक्यांत अपुऱ्या आहेत; ज्या आहेत त्या तरी आपल्याला ठाऊक असाव्यात.

मूल लहान असेल तर अंगणवाडीत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडून तपासून घ्यावे. हे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येते आणि पुढच्या उपचारांसाठी जिल्हा रुग्णालयाशी जोडलेल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवते. तेथे फिजिओथेरपी, वाचा-उपचार आणि श्रवणचाचणी विनामूल्य होते. ‘मुलगा आहे, उशिरा बोलेल’ या घरच्या समजुतीत पहिली तीन वर्षे घालवू नका. शाळेत जाऊ न शकणाऱ्या मुलासाठी समग्र शिक्षा अभियानात घरी येणारा विशेष शिक्षक आणि शाळेत नेण्या-आणण्यासाठी मदतनीस व प्रवास भत्ता यांची तरतूद आहे. ती तालुक्याच्या गटसाधन केंद्रात मागावी लागते.

स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चार प्रकारांसाठी १९९९ च्या कायद्याने राष्ट्रीय न्यास स्थापन झाला आहे. त्याची निरामय आरोग्य विमा योजना वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचा खर्च देते आणि तिचे वैशिष्ट्य असे, की तिच्यासाठी रुग्णालयात दाखल होणे आवश्यक नाही. महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजना शस्त्रक्रियेसाठी किंवा भरती झाल्यावर उपयोगी पडते. नेहमीची फिजिओथेरपी, फिट्सची औषधे, रक्ततपासण्या हा न संपणारा खर्च मात्र निरामयमध्ये मागता येतो. विमा काढण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी नसते. दरवर्षी ३१ मार्चपूर्वी नूतनीकरण करावे आणि बिले साठवून न ठेवता महिन्याच्या महिन्याला पाठवावीत. उशिरा पाठवलेली बिले नाकारली जातात. नोंदणी न्यासाशी संलग्न संस्थेमार्फत होते. त्याच संस्थेत दिशा, विकास, समर्थ आणि घरौंदा या नावांनी चालणाऱ्या शीघ्र हस्तक्षेप, दिवसभराचे केंद्र, तात्पुरता निवास आणि कायमचा निवास या सेवांपैकी जवळपास कोणती चालू आहे हे विचारावे. आईचे ऑपरेशन असेल तेव्हा आठ दिवस मुलाला कोण पाहणार, या प्रश्नाचे उत्तर आणीबाणी येण्यापूर्वी शोधलेले बरे.

वयाच्या अठराव्या वर्षी

बौद्धिक अक्षमता असलेला मुलगा अठरा वर्षांचा झाला की कायद्याने तो सज्ञान होतो आणि आईवडील त्याचे नैसर्गिक पालक राहत नाहीत. अनेकांना हे बँकेत खाते उघडताना किंवा जमिनीच्या सातबारावर नाव लावताना प्रथमच कळते. वरच्या चार प्रकारांसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे कायदेशीर पालकत्वाचा अर्ज करता येतो. समितीत नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्तीही असते. तिने दिलेले पालकत्वाचे प्रमाणपत्र बँकांनी स्वीकारावे असे रिझर्व्ह बँकेने कळवलेले आहे. अर्ज करताना केवळ आईवडिलांचा विचार न करता, त्यांच्यानंतर भावंडांपैकी कोण पुढे येणार हे त्याच वेळी घरात बसून बोलून घ्यावे. आमच्या घरी ते बोलणे आईला फार जड गेले, पण झाल्यावर तिला रात्री झोप लागू लागली.

आई किंवा वडील सरकारी नोकरीत असतील वा निवृत्त असतील, तर दिव्यांग अपत्याला त्यांच्या पश्चात कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकते. त्यासाठी अपत्याचे नाव आणि प्रमाणपत्र आईवडिलांच्या हयातीतच सेवा अभिलेखात किंवा निवृत्तिवेतनाच्या कागदांत नोंदवून घ्यावे; मागाहून हे सिद्ध करणे फार त्रासाचे होते.

काम अडल्यास

तोंडी विनवण्यांत वेळ घालवू नये. जी सेवा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित आहे, तिची मुदत कार्यालयात लावलेली असते. उत्पन्नाचा आणि रहिवासाचा दाखला त्यांत येतो. मुदत उलटली की त्याच खात्यातील वरिष्ठाकडे पहिले अपील आणि त्यानंतर दुसरे अपील करता येते. हक्क नाकारला गेल्याची, भेदभावाची किंवा ५ टक्के निधी न खर्चल्याची तक्रार पुण्यातील राज्य दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे करता येते. चौकशीत साक्षीदारांना बोलावणे आणि कागदपत्रे मागवणे यांबाबत त्यांना दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. त्यासाठी वकील लागत नाही. साध्या कागदावर आपले नाव, यूडीआयडी क्रमांक, काय मागितले, कोणत्या तारखेला मागितले आणि काय उत्तर मिळाले एवढे क्रमाने लिहावे, प्रत्येक अर्जाच्या पोचेची झेरॉक्स जोडावी, तक्रार स्पीड पोस्टाने पाठवावी आणि पोस्टाची पावती त्याच दिवशी फाइलला लावावी.